ऐवज गेला, मुद्देमाल सापडला

सातरस्ता: आत्याच्या दोन पाटल्या आणि बोरमाळ चोरीला गेली तेव्हा पेपरात आलं, 'सोन्याचा ऐवज लंपास'. सात महिन्यांनी चोर धरला, पाटल्या मंगळवार पेठेतल्या सराफाकडे सापडल्या, तेव्हा 'मुद्देमाल हस्तगत'. आत्याचा साधा प्रश्न: "माझ्या पाटल्या मुद्देमाल कधी झाल्या रे?" मला सांगता आलं नाही. तुम्ही सांगा.

हुरडा_भजी: दोन्ही शब्द अरबीतून फारसीमार्गे आलेले. ऐवज म्हणजे मुळात मोबदला, बदल्यात दिलेली वस्तू. आपलं 'च्या ऐवजी' त्यातलंच. त्यावरून पुढे किमतीची चीजवस्तू. 'मुद्दा' म्हणजे ज्यावर दावा सांगितलाय ते, दावा सांगणारा तो मुद्दई. म्हणजे मुद्देमाल हा भांडणातला माल. गुजरातीतही मुद्दामाल आहे. वस्तू घरातून जाते तेव्हा ती मालकाची, म्हणून ऐवज. पंचनाम्यावर चढली की ती खटल्याची.

काळाकोट: बरोबर पकडलंत. चोरीचा माल घेण्याबद्दल आधी भारतीय दंड विधान कलम ४११ होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं ३१७. जाणूनबुजून घेणारा सराफही त्यात येतो. पण न कळता घेणारा सराफसुद्धा सुटत नाही, त्याच्याकडची पाटली जाते. चोराला मालकी नव्हती, तर तो देणार काय? आपल्याकडे १९३० च्या मालविक्री कायद्यात हेच आहे. खुद्द इंग्लंडात मात्र जुन्या भर बाजारात, दिवसाउजेडी, प्रामाणिकपणे घेतलेली वस्तू चोरीची निघाली तरी घेणाऱ्याचीच व्हायची. तो नियम तिथे १९९५ च्या जानेवारीत गेला. इटलीत प्रामाणिक खरेदीदाराला अजूनही संरक्षण आहे.

सातरस्ता: म्हणजे मंगळवार पेठेतला सराफ इटलीत असता तर आत्या रडत बसली असती!

काळाकोट: बहुधा. पण त्याच इटलीत बनावट ब्रँडची पर्स रस्त्यावर घेणाऱ्या पर्यटकाला ७,००० युरोपर्यंत दंड होऊ शकतो. तिथे घेणाऱ्यावरही नजर आहे. आपल्याकडे गुटख्याची बंदी २०१२ पासून, पण पुडी तोंडात टाकणाऱ्याला कोण विचारतंय?

हुरडा_भजी: गुटख्याची आठवण करून दिलीत ते बरं. अक्कलकोटच्या बाजूने येणारा टेम्पो धरला की बातमी ठरलेली: 'टेम्पोसह इतक्या लाखांचा मुद्देमाल जप्त'. गुटख्याला कधी कुणी ऐवज म्हटलेलं वाचलंय? नाही. कारण हरवलं म्हणून रडणारा कुणी नाही. तो थेट मुद्देमालच जन्मतो. आणि आकडा फुगतो तो टेम्पोमुळे, हे माझं खासगी मत.

चिंचपूरकर: हातभट्टीला तर तेही नाही. तिथे 'गूळमिश्रित रसायन जागेवरच नष्ट'. इतका सभ्य शब्दप्रयोग दुसऱ्या कुठल्या वासाला मिळालेला नाही. सोलापूरजवळच्या मुळेगाव तांड्यावर वर्षानुवर्षे छापा, रसायन ओतणं, पुन्हा चूल, असं चालायचं. २०२१ मध्ये सोलापूर ग्रामीणच्या तेव्हाच्या पोलिस अधीक्षक तेजस्वी सातपुते यांनी 'ऑपरेशन परिवर्तन' सुरू केलं. छापे राहिलेच, पण सोबत दुसरा रोजगार मिळवून देण्याची खटपटही आली. त्या बातम्यांत मुद्देमालापेक्षा शिलाई मशिनीचा उल्लेख जास्त वाटला मला.

सातरस्ता: आत्याचं राहिलंच. पाटल्या मिळाल्या, पण ताब्यात देताना अट घातली: खटला संपेपर्यंत विकायच्या नाहीत, मोडायच्या नाहीत, बोलावलं की कोर्टात आणायच्या.

काळाकोट: नेहमीची अट. माल ठाण्यात वर्षानुवर्षे पडू देऊ नका, फोटो-पंचनामा करून लवकर परत द्या, हे सुप्रीम कोर्टाने २००२ मध्येच एका गुजरातच्या खटल्यात सांगितलं. मालकी त्यांचीच, पण कागदावर अजून मुद्देमाल.

सातरस्ता: हे तिला वाचून दाखवलं. परवा लग्नाला निघताना सुनेला हाक मारली, "अगं, कपाटातला मुद्देमाल आण जरा."