मदत हवी आहे: रस्त्यावर टिपलेल्या डिझाइनचं पुढे काय करायचं?

येता-जाता दिसलेल्या पाट्या, पोस्टर, भिंतीवरच्या पुसट झालेल्या रंगीत जाहिराती यांचे फोटो मी सतत काढते. पण कामाला बसलं की हवा तो फोटो सापडत नाही, आणि सापडलाच तर तो का काढला होता ते आठवत नाही. आत्ताच एक समोर आहे: पोस्टरचे थर सोलून निघालेत, खालचं लाल अक्षर वरच्या निळ्या कागदातून डोकावतंय. सुंदरच आहे. पण त्यात मला नेमकं काय भावलं होतं? रंग, फाटलेली कड, की निव्वळ योगायोग?

हॅरी बेक या तांत्रिक आरेखकाने लंडनच्या भुयारी रेल्वेचा नकाशा विजेच्या सर्किटच्या आकृतीसारखा सरळ रेषांत मांडला, १९३३ मध्ये तो प्रवाशांच्या हाती आला. एकीकडे पाहिलेलं असं भलतीकडेच कामी आणणं मला शिकायचंय. नुसती नक्कल नकोय.

तुम्ही फोटोसोबत काय लिहून ठेवता? वर्गवारी रंगानुसार करता, अक्षरांनुसार, की अजून कशी? जुनं काढून टाकता का? आणि फोटोऐवजी वहीत रेखाटणारे कोणी असतील तर त्यांनी जरूर सांगा, मला तो मार्ग जास्त खरा वाटतो.