कृष्णेच्या गाळाचे थर चित्रावर टिकत नाहीत

प्रश्न (सांगली):
ऑगस्ट 2019 मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी 57 फुटांच्या वर गेली होती. त्या पुराने आमच्या घराच्या भिंतीवर उमटवलेल्या रेघेतून माझी सध्याची चित्रमालिका सुरू झाली. भिजलेल्या जमाखर्चाच्या वहीची पाने हातकागदावर चिकटवून मी त्यांवर गाळ, मग हळद आणि पुन्हा गाळ असे थर देतो. परंतु वाळलेला गाळ तडकून त्याचे पापुद्रे सुटतात आणि जुन्या चित्रांतली हळद वर्षभरात विटली आहे. डिंक वाढवावा का?

पहिले उत्तर (मिरज):
डिंक वाढवू नका. जास्त डिंक स्वतःच आक्रसतो आणि कागदालाही ओढून वाकवतो. उन्हाळ्यात आपल्या काळ्या रानाला ज्या कारणाने भेगा पडतात, त्याच कारणाने तुमचा गाळ तडकतो, कारण बेसॉल्ट झिजून तयार झालेली ही चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि वाळताना आकसते. गाळ कापडातून गाळून घ्या, त्यात खडूची पूड मिसळा आणि एका जाड लेपाऐवजी पाण्यासारखे पातळ हात, प्रत्येक हात पूर्ण वाळू देऊन, चढवा. खाली प्लायवूड असेल तर अधिक बरे.

दुसरे उत्तर (सातारा):
हळदीचा रंग उजेडात टिकत नाही. चुना घालून केलेला तिचा लाल रंगही विश्वासाचा नाही. टिकाऊ पिवळा हवा असेल तर पिवडी आणि तांबडा हवा असेल तर गेरू वापरा, कारण दोन्ही लोहयुक्त माती आहेत. जांभ्याची पूडही चालते, मात्र ती घरबांधणीच्या दगडाची घ्या. कासच्या पठारावरून मूठभर मातीही उचलू नये, कारण तिथल्या कातळावरचा मातीचा थर मुळातच अगदी पातळ आहे आणि त्याच्यावरच तिथली फुले जगतात.
तरीही, हळदपेठेच्या गावातल्या चित्रात हळद विटत जाणे मला दोष वाटत नाही. मला खटकते ते वेगळेच: दोनदा गाळ चढवल्यावर वहीतला एकही आकडा दिसत नसेल, तर पाहणाऱ्याला खाली माणूस होता हे कळणार कसे? काही जागी वरचा थर ओला असतानाच खरवडून पाहा.

प्रश्नकर्ता:
खरवडून पाहिले. एका जागी वडिलांच्या अक्षरातली खताची नोंद वर आली. तेवढ्या चौकोनावर आता पुन्हा गाळ देणार नाही. उरलेल्या चित्रांसाठी प्लायवूड आणि पिवडी आणली आहे.