उणे २५ ला स्नोमोबाइल (बर्फावर चालणारी गाडी): स्पार्क प्लग वारंवार ओले होतात

प्रश्न (डुलुथ, मिनेसोटा): जुनी टू-स्ट्रोक, कार्ब्युरेटरवाली गाडी आहे. चोक ओढून, थ्रॉटल दाबत स्टार्टरची दोरी ओढतो. सुरू होते, पण दहा मिनिटं आयडलवर (जागेवर, थ्रॉटल न देता) चालू ठेवली की एक सिलिंडर बंद. प्लग काळा, ओला.

उत्तर: थ्रॉटलला हात लावू नका, हे आधी! यातला चोक जास्तीचं पेट्रोल वेगळ्या वाटेनं आणतो. थ्रॉटल बंद असेल तरच ते नीट खेचलं जातं. इंजिन लागलं की चोक अर्धा, आयडलला टिकलं की पूर्ण बंद. आणि दहा मिनिटं कशाला? आयडलवर ज्वलन थंडच राहतं, टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोलबरोबर जाणारं तेल प्लगवर साचतं. मी पुढच्या स्की आणि गाडी ढकलणारा मागचा पट्टा बर्फातून आधीच हलवून मोकळे करते, मिनिट-दोन मिनिटांत हळू निघते.

दुसरं उत्तर: हळूच, हं. इंजिन लिक्विड-कूल्ड असेल तर कूलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव) गरम होईपर्यंत फुल थ्रॉटल नकोच. पिस्टन सिलिंडरच्या आधी फुगतो आणि जाम होतो.

प्रश्नकर्ता: आणि तरी ओला झालाच तर?

उत्तर: चोक बंद, थ्रॉटल पूर्ण उघडा, मग दोरी ओढा. नाही लागली तर प्लग बदला. मॅन्युअलमधल्याच नंबरची कोरडी जोडी सीटखाली असू द्या, पान्यासकट.