जपानमधल्या जुन्या काळच्या थीमच्या इझाकायात शाकाहारी माणसानं काय खायचं?

टॉवेलवाला_सोलापूर:
नमस्कार मंडळी. आमचा टॉवेलचा छोटा कारखाना आहे अक्कलकोट रोड एमआयडीसीत, मशीनच्या कामासाठी मी आणि पार्टनर पुढच्या महिन्यात टोकियोला चाललोय. तिकडचे साहेब म्हणाले एका संध्याकाळी तुम्हाला शोवा स्टाइल इझाकायाला, म्हणजे जुन्या काळच्या थीमच्या दारू-खाण्याच्या ठिकाणी नेतो. नेटवर फोटो बघितले तर भिंतीवर जुन्या पत्र्याच्या जाहिराती, लाल कंदील, काळा डायल फिरवायचा फोन, आणि बसायला चक्क बिअरचे क्रेट. भारी वाटलं बघून. पण पार्टनर लिंगायत, शुद्ध शाकाहारी आणि दारूला हातसुद्धा लावत नाही. मी सगळं खातो, माझं टेन्शन नाही. त्याला उपाशी परत आणायचं नाहीये आणि साहेबांचा अपमानही करायचा नाहीये, कोणी जाऊन आलंय का? बिल साधारण किती होतं, आणि टिप बिप द्यायची असते का?

तोक्योत_अडकलेला:
काय ओ दादा, सोलापूरचं माणूस बघून बरं वाटलं, मी मूळचा होटगी रोडचा, इथं आयटीत आहे. आधी एक सांगतो, बसल्या बसल्या न मागता एक छोटी वाटी येते, तिला ओतोशी म्हणतात, माणशी ३०० ते ५०० येन धरा, ते बिलात लागतंच आणि त्यावरून वाद घालायचा नाही, जागेचं भाडं समजून सोडून द्यायचं. पण त्या वाटीत बहुतेक वेळा मासा नाहीतर मटणाचा अंश असतो त्यामुळे पार्टनरनं ती हळूच तुमच्याकडं सरकवावी.

आता शाकाहाराचं. खरी अडचण मटण-चिकन नाहीच, ती दिसते तरी. अडचण दाशीची. वाळवलेल्या बोनितो माशाचं पाणी सूपात, सॉसमध्ये, उकडलेल्या भाजीत सगळीकडं असतं. थंड टोफू मागवला तरी वर माशाचे पातळ पापुद्रे टाकून आणतात, ‘कात्सुओबुशी नुकी’ म्हणजे ते नको असं आधीच सांगायचं. बटाट्याचं सॅलड निरागस दिसतं, पण त्यात हॅम आणि अंड्याचं मेयोनीज असतं. सेफ काय, तर एदामामे म्हणजे उकडलेल्या सोयाबीनच्या शेंगा, नुसतं मीठ लावलेली काकडी, आणि शिशितो मिरची, शिताके मशरूम भाजून फक्त मिठातले. सॉस लावलेलं घेऊ नका, त्याच सॉसच्या भांड्यात चिकनच्या काड्या बुडवतात. आणि शेगडीची जाळी एकच असते हे पार्टनरला आधीच सांगून टाका, चालत असेल तर खाऊ दे.

दारूचं टेन्शन नको, ऊलाँग चहा घेऊन कांपाई म्हणजे चिअर्स केलं तरी कोणी काही म्हणत नाही. फक्त हॉप्पी नावाचं बिअरच्या चवीचं पेय आलं तर पार्टनरच्या हातात देऊ नका. १९४८ पासून विकतात ती, बिअर महाग होती तेव्हा लोक शोचू नावाच्या दारूत हॉप्पी मिसळून बिअरची तहान भागवायचे. दिसायला सॉफ्टड्रिंक वाटते पण तिच्यात स्वतःतच ०.८ टक्के अल्कोहोल आहे. जुन्या थीमच्या ठिकाणी ती हमखास असते.

रिकामटेकडा_सातरस्ता:
म्हणजे शेंगा खायला एवढं विमानाचं तिकीट काढायचं का बे 😂 शेंगा तर इथं पण मिळतात की.
बरं ते जाऊ द्या, मला एक कळत नाही. शोवा म्हणजे सम्राट हिरोहितोचा काळ, १९२६ ते १९८९, त्यात युद्ध, बाँब, उपासमार सगळं आलं. त्याची कसली आठवण काढून बिअर पितात हे लोक?

तोक्योत_अडकलेला:
@रिकामटेकडा, सगळा काळ नाही रे. थीम असते ती मुख्यतः पन्नाशी-साठीच्या दशकातली, युद्धानंतर हाताला काम मिळत होतं, टोकियो टॉवर उभा राहिला १९५८ ला, त्याच साली इन्स्टंट रामेन आलं. म्हणून मेनूवर बघ, केचप लावलेली नेपोलिटन स्पॅगेटी, ऑक्टोपससारखे कापलेले लाल सॉसेज, शाळेच्या जेवणात मिळायचा तो तळलेला साखरेचा पाव. स्वस्त, पोट भरणारं, कामगाराचं खाणं. आपल्याकडं जुनी मिल, लक्ष्मी-विष्णूची पाळी सुटल्यावर गेटबाहेर जे खाल्लं जायचं, त्याच्या फोटोंनी भिंत मढवून तेच विकलं तर कसं वाटेल तसं. गिऱ्हाईक बहुतेक विशी-तिशीतली पोरं असतात, ज्यांनी तो काळ बघितलाच नाही. मला व्यक्तिशः थोडं नाटकी वाटतं, गाणी मोठ्या आवाजात लावतात डोकं उठतं, पण जायला मला आवडतं.

हो आणि काही मेनूवर व्हेलचं मटण पण असतं, कारण युद्धानंतर शाळेत तेच द्यायचे. दादा तुम्ही सगळं खाता म्हणालात म्हणून सांगून ठेवलं.

चटणी_भाकरी:
भाऊ मी मिस्टरांबरोबर गेले होते, शाकाहारीच आहे. तो साखरेचा तळलेला पाव मात्र विचारून घ्या, दूध-अंडं चालत असेल तरच. मला दोन शेंगांच्या वाट्या आणि मेलन सोडा, वर आईस्क्रीमचा गोळा, यावर भागवावं लागलं आणि खरं सांगते मजा आली, शेजारच्या टेबलावरचे काका उगाच आमच्याशी हातवारे करत बोलत होते. निघायच्या आधी रूमवर पोटभर जेवून जा, हाच माझा सल्ला. चटणी पर्समध्ये असली तरी तिथं टेबलावर काढू नका, बाहेरचं खाणं त्यांना आवडत नाही.

टॉवेलवाला_सोलापूर:
ताई, दादा, खूप मदत झाली. व्हेल मी पण नाही खाणार 😅 बिलाचं राहिलं तेवढं सांगा.

तोक्योत_अडकलेला:
टिप अजिबात नाही, ठेवलीत तर पोरगं पैसे विसरलात म्हणून मागं पळत येईल. मेनूवरच्या भावात १० टक्के टॅक्स धरलाय की नाही ते बघा, काही ठिकाणी वेगळा लागतो. नोमीहोदाई म्हणजे ठरावीक वेळ हवं तेवढं प्या, बहुतेक दोन तास, आणि शेवटची ऑर्डर अर्धा तास आधी. हे पूर्ण टेबलानं मिळून घ्यावं लागतं बहुतेक ठिकाणी, पार्टनर पीत नसेल तर परवडत नाही, साधी ऑर्डर करा. साहेबच नेतायत म्हणजे बिल तेच देतील बहुधा, जबरदस्तीनं हात घालू नका, त्याऐवजी आपल्या कारखान्याचा चांगला टॉवेल नीट पॅक करून भेट द्या. शेवटची ट्रेन बारा-साडेबाराच्या आसपास, ती चुकली तर टॅक्सीचं बिल इझाकायापेक्षा जास्त होतं. साहेबांना ठिकाणाचं नाव विचारून इथं टाका, मेनू ऑनलाइन असला तर मी पार्टनरसाठी बघून सांगतो.