ग्रीस ट्रॅपमध्ये रोज उकळते पाणी सोडूनही मोरी तुंबते

प्रश्न (नौपाडा, ठाणे):
नमस्कार. आमचे थाळीचे लहान उपाहारगृह आहे. भांडी घासण्याच्या मोरीखाली स्टीलचा ग्रीस ट्रॅप (सांडपाण्यातील तेल-तूप अडवणारी पेटी) बसवलेला असून रात्री बंद करताना मुले त्यात उकळते पाणी आणि साबण सोडतात. तरीही दुपारच्या गर्दीत पाणी तुंबते, कुबट वास गिऱ्हाइकांपर्यंत जातो आणि आता बाहेरचे चेंबरही भरू लागले आहे. ट्रॅप किती दिवसांनी उपसावा, आणि जिवाणूंचे औषध टाकल्यास उपसणे टळेल का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर १ (वाशी):
उकळते पाणी आजच बंद करा. ट्रॅपमध्ये पाण्याचा वेग मंदावतो, तेल-तूप हलके असल्याने वर तरंगते, खरकटे तळाशी बसते आणि आतल्या आडोशाच्या पडद्याखालून मधले निवळ पाणी पुढे जाते. एवढेच त्याचे काम आहे. उकळत्या पाण्याने साठलेले तूप वितळते, साबणाने तेलाचे बारीक कण पाण्यात मिसळतात आणि हे सारे ट्रॅप ओलांडून पुढच्या पाइपात थिजते. तुमचे चेंबर बहुधा त्यामुळेच भरत असावे.

दिवस मोजू नका, थर मोजा. वरचा तवंग आणि तळचा गाळ मिळून पाण्याच्या खोलीच्या २५ टक्के झाले की ट्रॅप उपसायलाच हवा. म्हणजे खोली ४० सेंटीमीटर असेल, तर दोन्ही थर मिळून १० सेंटीमीटर. पाणी निवलेले असताना आधी तवंग झाऱ्याने उचला, मग पाणी व गाळ काढा, पडदे खरवडा आणि झाकण लावण्यापूर्वी ट्रॅप साध्या पाण्याने पुन्हा भरा. झाकणाचे रबर नीट तपासा. ते चिरले असेल, तर कितीही सफाई केली तरी वास येतच राहतो.

औषधाने उपसणे टळत नाही. तळाचा गाळ त्याने नाहीसा होत नाही.

उत्तर २ (नेरुळ):
वरील उत्तराशी पूर्ण सहमत आहे. मात्र खरा उपाय मोरीच्या अलीकडे आहे. वरण-भाताची पातेली आधी कोरडी खरवडून ओल्या कचऱ्यात रिकामी करावीत, मग मोरीत घ्यावीत, आणि मोरीच्या तोंडाशी जाळी असावी. तळणीचे तेल मोरीत मुळीच ओतू नये. त्यातील पोलर घटक (तेल पुन्हा पुन्हा तापवल्याने त्यात वाढणारे खराब घटक) २५ टक्क्यांहून अधिक झाल्यास ते वापरता येत नाही, असा अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा नियम २०१८ पासून लागू आहे. असे तेल बायोडिझेलसाठी गोळा करणाऱ्या अधिकृत संकलकाला द्यावे.

प्रश्नकर्ता:
मनःपूर्वक आभार. उपसलेला गाळ कुठे टाकावा? शिवाय आमच्या इमारतीच्या आवारात जमिनीखालीही एक मोठी टाकी आहे. तीही मुलांकडूनच साफ करून घ्यावी का?

उत्तर १ (वाशी):
गाळ गटारात किंवा पावसाळी नाल्यात टाकू नका. घट्ट झाकणाच्या पिंपात भरून परवानाधारक कंत्राटदाराकडे सोपवा आणि प्रत्येक वेळी पावती घ्या. जमिनीखालच्या टाकीत मात्र कोणालाही उतरवू नका. कुजलेल्या गाळातून हायड्रोजन सल्फाइड निघतो, आणि तो जास्त प्रमाणात असला की नाकाला वासही कळेनासा होतो, त्यामुळे माणूस सावध होण्यापूर्वीच बेशुद्ध पडतो. ती टाकी सक्शन गाडी बोलावून वरूनच उपसून घ्या.