मदत हवी आहे : दहा बाय दहाच्या खोलीतील टेबलासाठी लहान स्पीकर कोणते घ्यावेत?

नमस्कार.

गेली तीन वर्षे माझे कार्यालयीन काम पुण्यात कोथरूडमधील घराच्या एका खोलीतून चालते. खोली बरोबर दहा फूट बाय दहा फूट आहे. टेबल चार फूट लांब व दोन फूट रुंद असून ते भिंतीला टेकवलेले आहे, आणि कानांपासून स्पीकरचे अंतर जेमतेम अडीच फूट भरते. दिवसभर मंद आवाजात शास्त्रीय गायन चालू असते. संध्याकाळी टेबलाचा ताबा पत्नीकडे जातो, कारण ती गाणे शिकते आणि लॅपटॉपवर तानपुरा लावून रियाज करते. तिची पट्टी, म्हणजे गाण्याचा मूळ सा (षड्ज), पांढरी पाच, म्हणजे संवादिनीची पाचवी पांढरी, आहे. मी ऐकतो त्यांतले बरेच गायक काळी एकच्या आसपास गातात.

सध्या दोन छोटे स्पीकर आणि पायाशी ठेवायचा बासचा खोका असा संच आहे. त्यात तबल्याचा डग्गा घुमतो, पण बोलत नाही. विलंबित (संथ) एकतालातला प्रत्येक ‘धा’ एकाच ठशाचा ऐकू येतो, आणि तानपुऱ्याची खर्जाची, म्हणजे सर्वांत खालच्या षड्जाची, तार तर त्या घुमण्यात पार बुडून जाते. खोका बंद केला की गाणे एकदम पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखे होते. मागच्या रविवारी मी सहज म्हणून दोन्ही छोट्या स्पीकरांखाली एकेक जाड शब्दकोश ठेवला आणि त्यांची तोंडे किंचित आत वळवली, तेव्हा संवादिनी आणि गळा प्रथमच वेगवेगळे ऐकू आले. त्यामुळे दोष किती स्पीकरचा आणि किती माझ्या मांडणीचा, याविषयी मनात शंका निर्माण झाली आहे.

दुसरी तक्रार अशी की लॅपटॉपला चार्जर जोडला की स्पीकरमधून बारीक चिरचिर सुरू होते, आणि माउस हलवला की तिचा सूर बदलतो. चार्जर काढला की ती थांबते.

खर्चाची मर्यादा पंधरा हजार रुपये आहे. वाचनातून प्रीसोनस एरिस ३.५, जेबीएल १०४ आणि एडिफायर आर१२८०टी ही तीन नावे पुढे आली. तपकीर गल्लीतील (पुण्यातील इलेक्ट्रॉनिक वस्तूंचा बाजार) एका दुकानात जाऊन आलो, परंतु तेथे ऐकवण्यासाठी धडाकेबाज चित्रपटगीत पूर्ण आवाजात लावण्यात आले, त्यावरून मला काहीही ठरवता आले नाही. साडेतीन इंची वूफर (खालच्या स्वरांचा पडदा) खर्जासाठी पुरेल का, की पाच इंची घ्यावा? आणि चिरचिरीवर उपाय काय? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १

आपण पट्ट्या दिल्या हे फार चांगले केले, कारण त्यामुळे उत्तर अंदाजाने न देता हिशेबाने देता येते. काळी एकचा मध्य सप्तकातला षड्ज सुमारे १३९ हर्ट्झ (सेकंदाला इतकी कंपने) असतो आणि खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, म्हणजे ६९ हर्ट्झच्या आसपास, लागते. एरिस ३.५ ची खालची मर्यादा कंपनीच ८० हर्ट्झ सांगते. म्हणजे त्या तारेचा मूळ स्वर त्यातून जवळजवळ येणारच नाही. तरीही तार ऐकू येते, कारण तानपुऱ्याच्या जव्हारीमुळे (घोडीवर तार झणझणावी अशी रचना) १३९, २०८, २७७ असे वरचे स्वयंभू स्वर भरपूर उमटतात आणि त्यांवरून कान खालचा षड्ज स्वतःच जुळवून घेतो. पांढरी पाचचा षड्ज १९६ आणि त्याचा खर्ज ९८ हर्ट्झ, तेव्हा वहिनींच्या रियाजाला साडेतीन इंचही पुरतील. अडचण आपल्या ऐकण्याची आहे, त्यांच्या गाण्याची नाही.

म्हणून मी जेबीएल १०४ कडे झुकेन. त्याचा वूफर साडेचार इंचांचा आहे, खालची मर्यादा ६० हर्ट्झ सांगितली जाते, आणि मुख्य म्हणजे ट्वीटर (वरच्या स्वरांचा छोटा पडदा) वूफरच्या मधोमध बसवलेला आहे. अडीच फुटांवर बसणाऱ्याला याचा उपयोग होतो, कारण वरचे व खालचे स्वर एकाच जागेहून येतात आणि मान थोडी हलली तरी गळ्याचा पोत बदलत नाही. आर१२८०टी चा वूफर चार इंची आहे, बास आणि ट्रेबलच्या चकत्या बाजूलाच आहेत, आणि पोर्ट (खालच्या आवाजासाठी ठेवलेले भोक) पुढच्या बाजूला असल्याने भिंतीजवळ ठेवायला तो सोयीचा आहे. परंतु त्याला बॅलन्स्ड (वायरीत शिरलेला खरखराट गाळणारी) जोडणी नाही, आणि आपल्याकडे चिरचिरीचा प्रश्न आहे.

पाच इंची मात्र घेऊ नका. आपली खोली चौरस आहे. दहा फुटांच्या दोन भिंतींमध्ये सुमारे ५६ हर्ट्झवर आणि त्याच्या दुपटीवर आवाज साठतो, आणि लांबी-रुंदी सारखी असल्याने दोन्ही दिशांचा साठा त्याच आकड्यांवर पडतो. डग्गा घुमण्याचे एक कारण हेच असणार. मोठा वूफर त्या घुमण्यालाच खतपाणी घालील. भिंतीलगत ठेवलेल्या स्पीकरचा खालचा आवाज मुळातच वाढतो, म्हणून टेबल वीतभर तरी पुढे ओढा. शब्दकोशांनी जे साधले ते योगायोगाने नव्हे: स्पीकर खाली असला की टेबलाच्या फळीवरून परतलेला आवाज मूळ आवाजात मिसळून गळ्याचा पट्टा गढूळ करतो. ट्वीटर कानाच्या उंचीवर आणा, आणि दोन स्पीकर व आपले डोके यांचा समभुज त्रिकोण होऊ द्या. हे जुन्याच संचावर आधी करून पाहा, पैसे लागत नाहीत.

(वेष्टनावर छापलेल्या ‘पीएमपीओ’, म्हणजे क्षणभराच्या कमाल शक्तीच्या, वॅटच्या आकड्यांकडे कृपया पाहू नये, आरएमएस, म्हणजे सतत मिळणाऱ्या शक्तीचा, आकडा तेवढा पाहावा, आणि अडीच फुटांवर तोही फारसा लागत नाही.)

प्रतिसाद २

चिरचिरीबद्दल थोडेसे. तेच गाणे चार्जर न जोडलेल्या मोबाइलमधून त्याच स्पीकरवर लावा. आवाज स्वच्छ आला, तर स्पीकर निर्दोष आहेत आणि गडबड चार्जरच्या वाटेने लॅपटॉपमधून येते. नवे स्पीकर आणले तरी ती तशीच राहील. खात्रीचा उपाय म्हणजे बॅलन्स्ड आउटपुट असलेला छोटा यूएसबी ऑडिओ इंटरफेस (लॅपटॉपबाहेर आवाज तयार करणारी डबी) आणि टीआरएस केबल (बॅलन्स्ड जोडणीची वायर), पण त्याने आपली मर्यादा ओलांडली जाण्याची शक्यता आहे. काहीशे रुपयांत मिळणारा ग्राउंड लूप आयसोलेटरही (वायरीत मध्ये जोडून अर्थिंगच्या वाटेने येणारा खरखराट तोडणारी डबी) चालतो, मात्र स्वस्तातला खालचे स्वर थोडे खातो, आणि आपल्याला नेमके तेच हवे आहेत. काही जण चार्जरची अर्थिंगची पिन काढून टाकण्याचा सल्ला देतात. तसे मुळीच करू नये. उलट, भिंतीतल्या प्लगला अर्थिंग नीट आहे की नाही, हे वायरमनला बोलावून तपासून घ्यावे.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. मोबाइलची चाचणी लगेच केली: आवाज पूर्ण स्वच्छ आला. टेबल नऊ इंच पुढे ओढले आहे, त्यामुळे पत्नीला मागून जाता येत नाही अशी नवी तक्रार दाखल झाली. वाटाघाटींनंतर सहा इंचांवर तडजोड झाली. तेवढ्यानेही डग्ग्याचा घिस्सा (तळहात घासून काढलेला सरकता नाद) काहीसा मोकळा झाला आहे. येत्या शनिवारी तपकीर गल्लीत पुन्हा जाईन, पण या वेळी स्वतःचा लॅपटॉप आणि काळी एकमधले एक विलंबित सोबत नेईन. जेबीएल १०४ कोणाकडे भिंतीपासून सहा इंचांवर ठेवलेला असल्यास त्याचा खालचा आवाज घुमतो का, तेवढे कृपया सांगावे.