सल्ला हवा: लेकीला तायक्वांदोचा क्लास काढायचाय आणि ॲक्शन फिल्मसुद्धा

घोडबंदरची_आई:
नमस्कार मंडळी. लेक १९ वर्षांची, बीकॉमच्या दुसऱ्या वर्षाला. तायक्वांदोत ब्लॅक बेल्ट, शालेय राज्य स्पर्धेत एक सुवर्ण, एक कांस्य. मध्यंतरी गुडघा दुखावला आणि घरी बसून अमेरिकन मार्शल आर्ट्सवाल्या सिंथिया रॉथरॉकच्या सिनेमांचं पारायण झालं. १९८१ ते १९८५ फॉर्म्स (ठरलेल्या हालचालींचं एकटीने सादरीकरण) आणि शस्त्रांच्या स्पर्धांत अजिंक्य, मग थेट हाँगकाँगला मिशेल योबरोबर सिनेमा! झालं, बाईसाहेबांचं ठरलं. आधी स्वतःचा क्लास, त्यातून पैसे साठवून ॲक्शन शॉर्टफिल्म, दिग्दर्शनही स्वतःचंच. बाबा म्हणतात आधी डिग्री. मी मधल्यामध्ये. मानपाड्याला एक गाळा बघितलाय, भाडं ऐकून पोटात गोळा आला. घ्यावा का? आणि फिल्मचं शिकायचं कुठे?

नेरुळचा_मास्तर:
ताई, गाळा अजिबात घेऊ नका. मी घेतला होता. अकरा महिन्यांचा करार, तगडं डिपॉझिट, आणि वरच्या मजल्यावर दवाखाना. संध्याकाळी तीस पोरं एका दमात 'कियाप!' ओरडली की वर बीपी मोजून घेणारा माणूस दचकायचा. चौथ्या महिन्यात मालकाने हात जोडले. आता शाळेचा हॉल घेतो, आठवड्यातून तीन दिवस, तासाच्या हिशोबाने.

स्पर्धेचं मैदान ८ बाय ८ मीटर, म्हणजे एक मीटरच्या ६४ मॅट. शिकवायला २५ पुरतात. सेकंडहँड घेतल्या तर कडांचे दात बघा. ते झिजले की मॅट सरकते आणि पोरांच्या पायाचा अंगठा नेमका त्या फटीत जातो. उद्यम नोंदणी सरकारी पोर्टलवर फुकट होते, एजंटच्या नादी लागू नका. तिच्या ब्लॅक बेल्टची सोलच्या कुक्कीवॉनकडे, म्हणजे तायक्वांदोच्या मुख्य केंद्राकडे, नोंद आहे ना? हल्लीचे पालक विचारतात. १५ वर्षांखालच्या मुलांना तिथून 'दान' (मोठ्यांची ब्लॅक बेल्टची श्रेणी) नाही, 'पूम' (लहानांची) मिळतो, हेही त्यांना आधीच सांगावं, नंतर कटकट नको.

पण खरी गोम वेगळीच. तिला सुवर्ण मिळालंय ते लढण्याचं. क्लासला येणार सहा वर्षांची पोरं, ज्यांचा बेल्ट दर दहा मिनिटांनी सुटतो. निम्मा तास गाठी मारण्यात जातो. सहा महिने स्वतःच्या सरांच्या हाताखाली लहान मुलांची बॅच घेऊ दे. आणि सरांना न विचारता त्यांच्याच भागात क्लास काढू नका.

चरईकर:
मास्तरांना +१. एक भर घालतो, माझ्या मुलीच्या वेळी बायकोचा पहिला प्रश्न होता, "शिकवणारी ताई आहे का?" तुमच्या लेकीकडे ते आयतंच आहे.

कळव्याचा_स्टंटवाला:
फिल्मचं मी सांगतो. स्पर्धेत लाथ समोरच्याला कळू न देता मारायची. कॅमेऱ्यासमोर ती शेवटच्या रांगेतल्या माणसालाही दिसली पाहिजे. पाय हनुवटीपासून वीतभर लांबून जातो, कॅमेरा लाथ खाणाऱ्याच्या खांद्यामागे असतो, आणि खाणाऱ्याने मान कधी फिरवली यावर सगळा खेळ. चॅम्पियन पोरं इथेच अडतात, पाय खरोखर लावून मोकळी होतात. आमच्याकडे असा एकजण दात पाडून गेला. (दात माझा.)

म्हणून आधी पडायला आणि मार खायला शिकायचं. मोठ्या सेटवर स्टंट युनियनचं कार्ड लागतं, ते पुढचं पुढे. आत्ता दोन मैत्रिणी, एक मोबाईल, सोसायटीची गच्ची, एका मिनिटाची मारामारी, आणि एडिट तिनेच करायचं. आपण कुठे चुकीच्या बाजूने शूट केलं ते एडिटला बसल्याशिवाय कळत नाही. उपवन तलावाला मात्र परवानगीशिवाय कॅमेरा लावू नका.

क्लास आणि सिनेमा वेगळे समजू नका. हॉलिवूडचा ॲक्शन हिरो चक नॉरिस १९६८चा मिडलवेट कराटे चॅम्पियन, पण त्याला अभिनय कर म्हणून मागे लागला तो त्याच्याच क्लासमधला विद्यार्थी, हॉलिवूड स्टार स्टीव्ह मॅक्वीन. आणि गुडघ्याचं काय? फिजिओ झाल्याशिवाय उड्या बंद.

घोडबंदरची_आई:
सगळ्यांचे आभार. गाळेवाल्याला नाही कळवलं. फिजिओ सुरू आहे, अजून तीन आठवडे. सरांना फोन केला, त्यांच्याकडे शनिवारची छोट्यांची बॅच कोणी घ्यायला तयारच नव्हतं म्हणे. ती 'बघते' म्हणाली. गच्चीच्या चावीसाठी सेक्रेटरींकडे कोणी जायचं यावर आत्ता घरात चर्चा चालू आहे.